कापसाच्या खोलीतला स्विच

मला वाट पाहता येत नाही. बसची नाही, दुधाला उकळी यायची नाही आणि कंप्यूटर चालू व्हायची तर मुळीच नाही. लग्न मात्र अशा घरात झालं, जिथं माणसं बारा महिने कशाची ना कशाची वाट पाहत असत. पावसाची, मजुरांची, कापसाच्या भावाची. नेरच्या त्या घरात पहिल्या वर्षी मी जेवढी चिडचिड केली तेवढी पुढं आयुष्यात केली नाही, आणि तिचं मूळ होतं तळहाताएवढ्या एका पत्र्याच्या डबीत. त्या डबीला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. टेलिफोनच्या लाइनवरून आलेलं इंटरनेट एका वायरीनं आत घ्यायचं आणि घरातल्या दोन-चार कंप्यूटरना वाटून द्यायचं, एवढंच तिचं काम.

लग्नाआधी मी नागपुरात एका ऑफिसात होते. परदेशातले डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवतात ते हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि ठरल्या वेळेत परत पाठवायचं. काम कंटाळवाणं होतं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला ते फार आवडायचं. बोटं थांबत नाहीत आणि डोक्याला भटकायला वेळ मिळत नाही, असं माझ्या स्वभावाचं दुसरं काम मला सापडलेलं नाही. लग्न ठरताना मी एकच गोष्ट मागितली, की काम सुटणार नाही. नवरा ढाणकीला शाळेत शिक्षक, घरी यायचा रविवारपुरता. त्याचं काय जात होतं? तो लगेच हो म्हणाला. ऑफिसही घरून काम द्यायला तयार झालं, फक्त लाइन वायरीची पाहिजे म्हणाले. मोबाइलच्या डोंगलचं इंटरनेट नेरमध्ये घटकाघटकाला तुटायचं आणि अर्धी गेलेली फाइल म्हणजे न गेलेली फाइल.

टेलिफोन होता बैठकीत. बैठक म्हणजे घराची पुढची खोली. तिथं माझ्या सासऱ्यांचं तक्तपोस, त्यावर लोड, समोर खुर्च्या, आणि सकाळपासून येणारीजाणारी माणसं. घरातल्या बाया तिथं चहाचा ट्रे घेऊन जात आणि रिकामा ट्रे घेऊन परत येत. कोणी मनाई केलेली नव्हती. मनाई असती तर भांडता तरी आलं असतं. मॉडेम टेलिफोनशेजारी बसणार, म्हणजे कंप्यूटरही तिथंच मांडला की काम झालं, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण ते वाक्य घरात कोणीच उच्चारलं नाही. मीही नाही. माझी खोली वर माडीवर, मागच्या अंगाला. सासऱ्यांनाही आता कापसाचा भाव कंप्यूटरवर पाहायचा होता, आणि त्यांची झोपायची खोली खाली, स्वयंपाकघराच्या बाजूला. दोन टोकांना दोन कंप्यूटर. म्हणून स्विच हवा होता आणि भरपूर वायर हवी होती.

उन्हाळ्यात आम्ही यवतमाळला गेलो, सासरे आणि मी. नव्या सुनेनं एकटीनं बाजारात जायचं नाही म्हणून ते सोबत आले होते. दुकानात ते दारातल्या स्टुलावर बसले, आणि मला वाटलं आता हे पेपर वाचतील. दुकानदारानं आधी प्लास्टिकचा स्विच काढला. मी पत्र्याचा मागितला. आमच्याकडचा मे महिना काय असतो ते त्यालाही ठाऊक होतं. प्लास्टिकची डबी आतल्या आत तापत राहते, पत्र्याची उष्णता बाहेर सोडते. मग त्यानं आठ वायरींचा पुढं केला, मी पाच वायरींचा घेतला, कारण आमच्या घरात कंप्यूटर दोन होते आणि तिसरा यायची काही चिन्हं नव्हती. फार वेगवान स्विच घे असाही आग्रह त्यानं केला. टेलिफोनची लाइनच जिथं रखडत येते तिथं पुढं डबीनं धावून काय उपयोग, असं मी म्हणाले तेव्हा तो हसला आणि साधा स्विच काढून दिला.

वायरीवर मात्र आमची जुंपली. बाहेरून सगळ्या वायरी सारख्याच दिसतात, निळ्या नाहीतर करड्या. आत अख्खं तांबं असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असेल तर दोनदा वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर सिग्नलही मरतो. मी ब्लेड मागून घेतलं, तार खरवडली, आत पांढरी निघाली. दुकानदाराचं तोंड उतरलं. तेवढ्यात सासरे स्टुलावरून उठून आले. त्यांनी दुसरी वायर हातात घेतली, बोटाभोवती वाकवली, नाकाशी नेऊन वास घेतला. ठिबकच्या नळ्या घेताना ते अगदी असंच करत, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी मला विचारलं, याचं प्रेशर शेवटपर्यंत पुरते का. मी म्हटलं, घरातल्या घरात सहज पुरतं. त्यांनी मान हलवली आणि तीच वायर मोजून घेतली. तोवर त्यांचं माझ्याशी जे काही बोलणं व्हायचं ते सासूबाईंच्या मार्फत व्हायचं. "तिले सांग," असं.

घरी आल्यावर त्यांनी कोळशानं अंगणात घराचा नकाशाच काढला. बैठक म्हणजे विहीर, वायर म्हणजे मेन पाइप, स्विच म्हणजे पाणी वाटणारा वॉल.

"वॉल विहिरीपाशी ठेवला तं जवळच्या सरीले पानी भेटते, दूरची कोरडी राह्यते," ते म्हणाले. "वॉल मधात पाहिजे."

मी त्यांना सांगून पाहिलं, की हे पाणी नाही, स्विच मॉडेमजवळ ठेवला तरी दोघांनाही सारखंच मिळेल. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. शहरातून आलेल्या माणसाचं बोलणं आमच्याकडं असंच ऐकून घेतात. पण ते माझ्याशी बोलत होते, थेट माझ्याशी, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी वाद सोडून दिला. घराच्या बरोबर मध्ये एक खोली होती. तिच्यात जुनी अवजारं, लोणच्याच्या बरण्या आणि एक मोडका पाळणा एवढंच सामान. दारापासून आत चार हातांवर भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात प्लगची सोयही होती. तिथं स्विच बसला. बैठकीतून एक वायर त्याच्यापर्यंत आली, तिथून एक माझ्याकडं वर गेली, एक सासऱ्यांच्या खोलीत. हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा सासरे कोनाड्यासमोर बराच वेळ उभे होते. शेजारच्यांना बोलावून त्यांनी तो दाखवलाही.

पावसाळाभर काम झकास चाललं. मी सकाळी त्यांना भावाचं पान उघडून द्यायची आणि वर जाऊन हेडफोन लावायची. फाइली वेळेत जात होत्या. ऑफिसातली आमची वरिष्ठ बाई फोनवर म्हणाली, की नागपुरातल्या मुलींपेक्षा तुझंच काम वेळेत येतंय. मी ते सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला दोनदा सांगितलं.

मग वेचणी सुरू झाली. आदल्या हंगामात भाव असा चढला होता की ज्यांनी कापूस लवकर विकला ते वर्षभर हळहळत होते. त्यामुळे या खेपेला कोणीच विकायला तयार नव्हतं. भाव खाली होता, पण तो चढणार, याची सगळ्यांना खात्री होती. अख्ख्या नेरमध्ये लोकांनी कापूस घरात भरला. कोणी झोपायची खोली रिकामी केली, कोणी पोरांची अभ्यासाची. आमच्याकडं मधली खोली होतीच. गेली काही वर्षं कापूस शेतातून थेट बाजारात जायचा म्हणून ती रिकामी पडली होती एवढंच. ही खरं तर कापसाचीच खोली आहे हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात स्विच बसवताना त्यांच्यापैकी एकालाही ते आठवलं नाही.

कापूस भरायच्या आधी खोलीतला बल्ब काढून ठेवतात. चुकून कोणी दिवा लावला आणि ठिणगी पडली तर सगळं संपलं, म्हणून. सासऱ्यांनी स्वतः बल्ब काढला. मी कोनाड्याकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, भाव आला की कापूस जाईल. स्विच हा त्यांच्या हिशेबी टेलिफोनच्या वायरीतला होता, विजेतला नव्हताच. तरी त्यांनी एक बांबूची टोपली आणून कोनाड्यावर घट्ट बांधली, म्हणजे कापूस डबीला लागणार नाही.

कापूस तुडवायला मी आणि सासूबाई उतरलो. पदर खोचायचा, आत शिरायचं आणि पायांनी दाबत जायचं, म्हणजे जास्त मावतो. वरून गडी ओतत जातो आणि आपण हळूहळू वर वर येत जातो. मला ते फार आवडलं, हे सांगायला हवं. कापूस आतून उन्हाचा कोमट असतो. आम्ही दोघी हसत होतो. कापूस चढेल तशा दाराला आतून आडव्या फळ्या लागत गेल्या, संध्याकाळी आमची डोकी आढ्याला लागली, आणि स्विच कुठंतरी माझ्या पावलांच्या खाली गेला.

पंधरा दिवस गेले, भाव आला नाही. महिना गेला. रोज सकाळी मी भावाचं पान उघडायची. सासरे चष्मा लावून पाहायचे आणि चष्मा काढून ठेवायचे. घरभर कापसातल्या लाल ढेकण्या फिरायला लागल्या. सगळ्यांना खाज सुटली. आणि मला एक नवीन व्यसन लागलं. चालू फाइल मध्येच थांबवायची, जिना उतरायचा आणि मधल्या खोलीच्या दारावर तळहात ठेवून पाहायचा, की लाकूड गरम लागतंय का. मग दाराच्या फटीला नाक लावायचं. जळका वास नसायचा. मी वर जायची, एक पान टाइप करायची आणि पुन्हा खाली यायची. नवऱ्याला म्हटलं, बाहेरून छतावरून नवी वायर टाकू. तो म्हणाला, वानरं एका दिवसात ओढतील, कापूस गेला की बघू. कापूस गेला की बघू, हे वाक्य त्या हिवाळ्यात मी इतक्यांदा ऐकलं की ते म्हणणाऱ्याला चिमटा काढावासा वाटे.

एकदा भरदुपारी मी खाली आले तर सासरे त्याच दारापाशी उभे. हात दारावर. मला पाहिल्याबरोबर त्यांनी हात काढून कडी नीट केल्यासारखं केलं, आणि मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आल्यासारखी निघून गेले.

संक्रांत झाली. एका रविवारी नवऱ्यानं जेवताना सहज सांगितलं, की ढाणकीकडच्या एका खेड्यात घरात भरलेल्या कापसाला आग लागली. माणसं वाचली, घर गेलं. वायरीनं लागली म्हणतात, तो म्हणाला. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी आजच्या वांग्यांना चव नाही असं काहीतरी म्हटलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले तर माझी लाइन गेलेली.

मॉडेम चालू होतं, त्याचे सगळे दिवे लागलेले. वर माझ्या कंप्यूटरला मात्र काही पोचत नव्हतं. मी एक्स्चेंजला फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडून लाइन ठीक आहे. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, स्विच बंद करून चालू करा. मी त्याला काय सांगणार, की स्विच कापसाखाली आहे? यातले सगळे फोन मी बैठकीतल्या टेलिफोनवरून, सासऱ्यांच्या समोर केले. ते लोडाला टेकून ऐकत होते. मंगळवारी वरिष्ठ बाईचा फोन आला. ती वाईट नव्हती, पण तिचाही नाइलाज होता. उद्यापर्यंत लाइन आली नाही तर तुझ्या फाइली दुसरीला द्याव्या लागतील, म्हणाली, आणि एकदा दिल्या की परत मिळणं अवघड. मी वर जाऊन बंद पडद्यासमोर बसले. हे काम गेलं असतं तर मी त्या घरात फक्त सून उरले असते. चांगल्या घरातली, चांगल्या माणसांची सून.

बुधवारी सकाळी सासरे बाजार समितीत भाव विचारायला गेले. कंप्यूटरवरचा भाव दिसत नव्हता ना. ते फाटकाबाहेर पडताच मी मधल्या खोलीचं दार उघडलं आणि वरची फळी ओढली. कापूस अंगावर आला. मागून सासूबाई आल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी जुनी लुगडी आणून खोलीबाहेरच्या बोळीत पसरली आणि म्हणाल्या, मधून ओढू नको, दबून जाशील, भिंतीच्या कडेकडेनं काढ. दोघींनी हातांनी कापूस उपसला. आम्हीच तुडवून दगड केला होता त्याचा. नाकातोंडात तंतू गेले, ढेकण्या बाहीतून आत शिरल्या. शेवटी टोपली लागली. मी तिची दोरी तोडली आणि आत हात घातला.

स्विच गार होता. एकही दिवा नव्हता त्याच्यावर. मी तो काढून स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये लावला, तर लगेच हिरवा दिवा लागला. डबी धडधाकट होती. म्हणजे खोलीतच वीज नव्हती. बल्ब काढलेला असल्यामुळे ते कळायचा मार्ग नव्हता. बोळीत भिंतीवर उंच लाकडी बोर्ड होता, तो मी स्टुलावर चढून उघडला. मधल्या खोलीचा फ्यूज जळलेला नव्हता. तो जागेवर नव्हताच.

सासरे परत आले तेव्हा मी स्टुलाजवळच उभी होते. सासूबाईंच्या केसांत कापूस होता आणि बोळीत लुगड्यांवर ढीग. सासऱ्यांसोबत बाजारातून आलेले दोन ओळखीचे शेतकरी बैठकीत बसले होते. सासरे एकटेच आत आले. त्यांनी ढिगाकडं पाहिलं, उघड्या बोर्डाकडं पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून फ्यूज काढला.

"रविवारी काढला मी," ते म्हणाले.

"मी सगळ्याइले फोन करून राह्यली होती. तुमी समोर बसून ऐकून राह्यले होते," मी म्हणाले. माझा आवाज बैठकीपर्यंत जात होता, जाऊ दे म्हटलं. "मले सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? मधात ठेव म्हनून मीच म्हनलं होतं."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त राग आला होता. हा माणूस माझ्याइतकाच महिनोन् महिने दारावर हात ठेवून फिरत होता, रात्र रात्र झोपला नसेल, हे सगळं मला त्याच क्षणी कळलं आणि तरी राग कमी झाला नाही. त्यांची चूक लपावी म्हणून माझं काम हातचं जायला निघालं होतं. फ्यूज परत लावणार नाही, घरात माणसं आहेत, एवढं ते म्हणाले. ते बरोबरच होतं. मलाही तो लावायचा नव्हता.

"मंग मी बसू कुठं?" मी विचारलं.

सासूबाई खाली वाकून कापूस गोळा करायला लागल्या. मी वर गेले, वायरी उपटल्या, मॉनिटर उचलला आणि जिना उतरून सरळ बैठकीत गेले. ते दोघे पाहुणे खुर्च्यांत सावरून बसले. सासरे तोवर परत येऊन आपल्या तक्तपोसावर बसले होते. मॉडेमच्या बाजूला टेबल लावायला जागा होती ती तेवढीच, त्यांच्या पायांकडची.

"बाबा, जरा सरकता का?" मी म्हणाले.

पाहुण्यांपैकी एक भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहायला लागला. सासरे सरकले. मी टेबल आणलं, बाकीचं सामान आणलं, मॉडेमची वायर थेट कंप्यूटरला जोडली. लाइन आली. हेडफोन लावून मी पहिली फाइल उघडली. मागे दोन परके पुरुष बसलेत हे मला पाठीला कळत होतं आणि पहिल्याच ओळीत रोग्याचं वयच मी चुकीचं टाइप केलं. थोड्या वेळानं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सासरे पाहुण्यांना घेऊन बाहेर ओसरीवर गेले होते. संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या फाइली गेल्या.

त्या दिवसापासून त्यांची बैठक ओसरीवर भरायला लागली. भाव मात्र ते मलाच विचारायचे, खिडकीतून. मी वाचून दाखवायची. कापूस पुढं उन्हाळ्यात गेला, मिळेल त्या भावानं.

त्याआधीची, होळीच्या आसपासची एक दुपार आहे. मी काम करत होते. सासूबाई सुपात तुरीची डाळ घेऊन बैठकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात चहाचा ट्रे नसताना त्या दारात मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी आत नजर फिरवली, कोणी येणार आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. त्या आत आल्या, तक्तपोसाच्या अगदी कडेला टेकल्या, आणि मग थोड्या वेळानं पाय वर घेऊन लोडाला टेकून नीट बसल्या. दोन्हीकडच्या खिडक्यांतून वारा येत होता. डाळीतली टरफलं उडत होती. मी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"या खोलीत इतकं वारं येते," त्या म्हणाल्या, "मले माहीतच नव्हतं."

त्यांना लग्न होऊन या घरात येऊन माझ्या नवऱ्याच्या वयाहून जास्त वर्षं झाली होती. दुसऱ्या कानात डॉक्टर कोणाच्या तरी गुडघ्याविषयी सांगत होता. मी त्याला थांबवलं, उठले आणि त्यांच्या बाजूच्या खिडकीचं अर्धं लावलेलं दार पूर्ण उघडलं.